नव्या प्रॉपर्टी एजंटने आपला एरिया कसा अभ्यासावा: महारेरा नोंदणीपासून दराच्या वहीपर्यंत

प्रॉपर्टीच्या धंद्यात नव्याने येणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ओळखी वाढवण्याचा. ओळखी लागतातच. पण समोर बसलेला ग्राहक तुमच्या ओळखींबद्दल विचारत नाही. तो विचारतो, "इथे कार्पेटला रेट काय चाललाय?", "पाणी महापालिकेचं आहे की टँकरचं?", "खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेवर उद्या काय उभं राहणार?" आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज घेऊन आलेल्या माणसाला याची उत्तरं अंदाजाने देणं मला बरोबर वाटत नाही. आणि तशी गरजही नाही, कारण बहुतेक उत्तरं सरकारी नोंदींमध्ये आहेत, कोणालाही पाहता येतील अशी.

महाराष्ट्रात एजंट म्हणून काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मला ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. थोडी दुय्यम निबंधक कार्यालयात, थोडी महापालिकेत, थोडी सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून. तुम्हाला ती एका जागी आणि क्रमाने मिळावी.

सुरुवातीला काय जवळ हवं

- पॅन, आधार, फोटो, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा
- मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं (भरली नसतील तर तसं घोषणापत्र)
- महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, एजंट सक्षमता प्रमाणपत्र (ते कसं मिळतं ते पुढे येतं)
- एक्सेलची फाइल किंवा जाड वही. मी दोन्ही ठेवतो
- आपल्या भागाचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, छापून किंवा फोनमध्ये
- चांगले बूट. हे मनापासून सांगतो आहे, कारण अर्धं काम पायी आहे.

१. आधी नोंदणी, मग बाकी सगळं

रेरा, म्हणजे घरं-प्लॉटच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा, २०१६ चा. त्यातल्या कलम ९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या एजंटला बिल्डरच्या प्रकल्पातलं घर, दुकान किंवा प्लॉट विकून देता येत नाही. तसं केल्यास कलम ६२ खाली दर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि तो वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

२०२३ पासून महाराष्ट्रात क्रम असा आहे: महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) घेते ती परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र आणि शेवटी ऑनलाइन अर्ज. अनेक जण उलटं करतात. आधी अर्ज भरायला बसतात आणि प्रमाणपत्राच्या रकान्यापाशी अडतात. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये आणि फर्म किंवा कंपनीसाठी १ लाख रुपये. नोंदणी पाच वर्षं चालते.

प्रशिक्षणाकडे कटकट म्हणून बघू नका. करारनाम्याचा नमुना, कार्पेटची (घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्राची) व्याख्या, एजंटची कर्तव्यं, हे सगळं तिथे पद्धतशीर होतं, आणि पुढच्या प्रत्येक पायरीत ते कामाला येतं.

सापळा: "माझ्या नंबरवर कर, नंतर तुझी नोंदणी बघू," असं एखादा जुना एजंट प्रेमाने सांगेल. नको. दलालीच्या वाट्यावरून वाद झाला किंवा ग्राहकाने तक्रार केली तर तुमच्या हातात काहीच कागद नसतो. "मी फक्त रिसेल आणि भाड्याचं करणार" असं ठरवलेल्यांनीही नोंदणी करून घ्यावी, कारण नव्या इमारतीतलं घर विचारणारा ग्राहक येतोच.

२. एरिया छोटा ठेवा, आणि त्याचं कागदावरचं नाव शोधा

अख्खं शहर करू नका. सकाळी निघालात तर दुपारपर्यंत चालून होईल एवढा भाग घ्या.

आता महत्त्वाचं काम. लोक ज्या नावाने एरिया ओळखतात ते नाव सरकारी दप्तरात असेलच असं नाही. ठाण्यातला घोडबंदर रोड घ्या. सगळे "घोडबंदरला फ्लॅट" म्हणतात, पण दस्तावर गाव येतं कावेसर, वडवली, ओवळे, कोलशेत. "घोडबंदर रोड" नावाने शोधत बसलात तर ना दर सापडणार ना व्यवहार. म्हणून पहिल्या पानावर चार रकाने करा: बोलीतलं नाव, महसुली गाव, सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर, आणि जवळची खूण. प्रत्येक सोसायटीची एक ओळ. सर्व्हे नंबर सोसायटीच्या कागदांवर किंवा कुठल्याही फ्लॅटच्या करारनाम्यात मिळतो, आणि नव्या प्रकल्पाचा महारेराच्या पानावर.

हे कंटाळवाणं काम आहे. पण हा तक्ता नसेल तर पुढची पायरी करताच येत नाही.

३. तीन वेगवेगळे दर, आणि ते एका मापात आणणं

नव्या एजंटचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

एकाच इमारतीचे तीन दर असतात. पहिला रेडी रेकनरचा, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचं वार्षिक दर विवरणपत्र. नवे दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. त्यात गावाचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाला मोकळी जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे वेगवेगळे दर असतात. दुसरा नोंदवलेला दर, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार ज्या रकमेला झाला तो. तिसरा मागणीचा, म्हणजे मालक किंवा बिल्डर तोंडाने सांगतो तो.

नवे एजंट तिसऱ्या दरावर जगतात. तुम्ही दुसऱ्यावर उभे राहा.

नोंदवलेला दर सूची क्रमांक २ मध्ये मिळतो, ज्याला सगळे "इंडेक्स टू" म्हणतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या सर्व्हे नंबरवर नोंदलेले दस्त दिसतात. दुसऱ्या पायरीतला तक्ता इथे कामाला येतो.

एक इंडेक्स टू उघडून नीट बघा. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो. करारनामा, खरेदीखत यांच्याशीच तुम्हाला काम आहे. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत वहीत घेऊ नका, नाहीतर सरासरी पार बिघडते. दुसऱ्या रकान्यात मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत. तिसऱ्यात बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरने काढलेलं मूल्य. मुद्रांक शुल्क या दोनपैकी जास्त असेल त्यावर लागतं. नवे लोक तिसऱ्या रकान्यालाच विक्रीची किंमत समजतात, कारण त्यावर "बाजारभाव" असं लिहिलेलं असतं. किंमत दुसऱ्या रकान्यात आहे. चौथ्यात मिळकतीचं वर्णन, आणि खरं सोनं तिथे आहे: मजला, विंग, फ्लॅट नंबर, पार्किंग दिलं आहे का, टेरेस जोडलेली आहे का. पाचव्यात क्षेत्रफळ. नवव्या आणि दहाव्यात दस्त करून दिल्याची आणि नोंदवल्याची तारीख.

आता माप. रेडी रेकनर चौरस मीटरमध्ये बोलतो, इंडेक्स टू बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये, आणि बाजार चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा, एका दस्तात मोबदला ८४ लाख आणि कार्पेट ६० चौरस मीटर आहे. ६० ला १०.७६४ ने गुणलं की सुमारे ६४६ चौरस फूट येतात. ८४ लाख भागिले ६४६, म्हणजे कार्पेटला साधारण १३,००० रुपये फूट. हाच फ्लॅट बाजारात जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून "९०० फूट सेलेबल" म्हणून सांगितला जातो, आणि मग दर निघतो सुमारे ९,३०० रुपये. घर तेच, पैसे तेच. ग्राहकाने एका ठिकाणी ९,३०० ऐकलं आणि दुसऱ्या ठिकाणी कार्पेटवर १२,५०० ऐकलं, तर त्याला दुसरं घर महाग वाटतं, प्रत्यक्षात ते स्वस्त असतं. या एका गणिताने मी अनेक ग्राहकांना चुकीच्या घरापासून मागे फिरताना बघितलं आहे.

म्हणून वहीतला प्रत्येक दर कार्पेटवर लिहायचा. रेरा कायद्यातली कार्पेटची व्याख्या सरळ आहे: घराच्या आतली वापरता येणारी जागा. आतल्या खोल्यांच्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. २०१७ च्या आधीच्या दस्तांत मात्र बऱ्याचदा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून मोजलेलं क्षेत्र, लिहिलेलं असतं. त्या ओळीसमोर "बिअ" अशी खूण करा आणि कार्पेटच्या दस्तांबरोबर त्याची सरासरी काढू नका. रेडी रेकनरचा फ्लॅटचा दरसुद्धा बिल्टअपला लागतो, हे लक्षात असू द्या.

आणखी दोन गोष्टी तपासा. बिल्डरकडच्या घराचं बुकिंग आणि करारनामा यांत कित्येक महिने जाऊ शकतात. दस्तावरची तारीख आजची असली तरी भाव जुना असू शकतो. आणि एका दस्तावरून कधीच दर ठरवू नका. भावाभावांतला व्यवहार, घाईची विक्री, दोन फ्लॅट जोडून घेतलेला सौदा, हे सगळं त्याच यादीत असतं. एका सोसायटीचे निदान पाच-सहा दस्त काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा, मधले जे आहेत ती तुमची रेंज. ग्राहकाला रेंजच सांगा, आणि सोबत "अमुक महिन्यापर्यंतच्या नोंदींवरून" हे शब्द.

सापळा: इंडेक्स टू वर घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं असतात. ती नोंद बघता येते म्हणून ती गावभर सांगायची परवानगी मिळते असं नाही. "तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक साहेबांनी एवढ्याला घेतलं," असं ग्राहकाला कधीही सांगू नका. वहीत नाव लिहूच नका. सोसायटी, मजला, क्षेत्रफळ, रक्कम, महिना, एवढं पुरतं.

४. नव्या प्रकल्पाचं महारेराचं पान वाचायला शिका

ब्रोशर नंतर. आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागते, त्यामुळे तुमच्या एरियातले जवळपास सगळे मोठे प्रकल्प तिथे सापडतील.

या क्रमाने बघा:

- पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती, आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे
- मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र कितव्या मजल्यापर्यंत आहे
- जमिनीच्या मालकीचा कायदेशीर अहवाल
- प्रकल्पावर कर्जाचा बोजा आणि कोर्टातले दावे
- तिमाही प्रगती: किती घरं गेली, बांधकाम किती झालं
- प्रकल्पावर तक्रारी आणि त्यांवरचे आदेश

दुसरा मुद्दा कळीचा आहे. बावीस मजल्यांचं ब्रोशर असतं आणि प्रारंभ प्रमाणपत्र बारा मजल्यांचं. एकोणिसाव्या मजल्यावरचं घर विकायला तुम्हाला कोणी सांगितलं तर हा कागद दाखवा आणि विचारा.

एकाच आवारातल्या विंगची नोंदणी वेगवेगळी असू शकते. ए विंगचा नंबर दाखवून सी विंगमधलं घर दाखवलं जातं. ग्राहकाचं घर ज्या विंगमध्ये आहे त्याच विंगचं पान उघडा. नोंदणीचा कालावधी संपलेल्या प्रकल्पात तर हातच घालू नका.

करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेराच्या कलम १३ मध्ये आहे. ग्राहकाला हे तुम्ही सांगा. बिल्डरचा सेल्सवाला नाराज होईल, होऊ द्या. आणि उघड्या पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही, कारण ती सामाईक जागा आहे. "ओपन पार्किंगचे दोन लाख" असं कोणी म्हणालं की पावती कशाची मिळणार ते विचारा.

५. जुन्या इमारती आणि रिसेल

इथे प्रत्येक सोसायटीची एक फाइल. त्यात हे हवं: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची अधिकृत परवानगी) आहे का, अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, लिफ्ट किती जुनी, देखभाल खर्च किती आणि तो फुटावर घेतात की सगळ्यांना समान, पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसलेल्या इमारती प्रत्येक शहरात आहेत आणि लोक त्यांत वर्षानुवर्षं राहतात. म्हणून "काही होत नाही हो" असं सांगणारे भेटतात. कर्ज देताना बँक अडते, पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. ग्राहकाला ही माहिती टोकन देण्याआधी मिळायला हवी. "सीसी आहे" या उत्तरावरही समाधान मानू नका. प्रारंभ प्रमाणपत्राला आणि पूर्णत्वाच्या दाखल्याला, दोन्हींना लोक सीसी म्हणतात. कागद हातात घेऊन बघा.

विकणाऱ्याकडून मागायचे कागद: सगळ्या आधीच्या करारनाम्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, ताजं देखभाल बिल, मालमत्ता कराची पावती, कर्ज असल्यास बँकेचं थकबाकीचं पत्र. ग्राहक कर्ज घेणार असेल तर त्याची बँक सोसायटीचं ना-हरकत पत्र मागेल, तेव्हा सेक्रेटरीला आधीच कळवा. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना घ्यायची रक्कम, म्हणून २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. "देणगी" म्हणून मागितली जाणारी मोठी रक्कम हा नेहमीचा वाद आहे. त्याची कल्पना दोन्ही पक्षांना द्या.

म्हाडाच्या सोडतीतलं घर असेल तर पहिली पाच वर्षं ते विकता येत नाही. मुखत्यारपत्रावर "करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

६. जमीन, डीपी, हद्द आणि पूररेषा

खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेचं उत्तर विकास आराखड्यात आहे. नियोजन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. सर्व्हे नंबरनुसार झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा कागद, कार्यालयातून काढता येतो. त्यावर शाळा, उद्यान, दवाखाना, रस्ता अशी आरक्षणं दिसतात. बिल्डरच्या माहितीपत्रकातला "प्रस्तावित २४ मीटर रस्ता" डीपीत आहे का, आणि त्याची जागा ताब्यात आली आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मिळवायला महापालिकेच्या कार्यालयात जावंच लागतं.

कोणत्या प्राधिकरणाकडे जायचं हेसुद्धा सोपं नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, आणि त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली गेली. अशा गावातल्या इमारतीला परवानगी कोणी दिली, कर कोण घेतं आणि पाणी कोण देतं, या तिघांची उत्तरं तीन निघू शकतात. "महापालिकेत आलंय" या वाक्याचा अर्थ "नळाला पाणी आलंय" असा घेऊ नका.

नदीकाठ असेल तर पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभाग त्या आखतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ मध्ये चिपळूणला जे झालं ते आठवणाऱ्या ग्राहकाला ही रेषा नकाशावर दाखवा. तुमच्या एरियात पाणी कुठल्या चौकापर्यंत आलं होतं ते जुन्या दुकानदारांना विचारून वहीत लिहा.

प्लॉट विकायला आलाच तर सातबारा महाभूलेखवर बघा, शहरी भागात मालमत्ता पत्रक. बिनशेती आदेश आहे का, "इतर हक्क" या रकान्यात कोणाचं नाव किंवा बोजा आहे का, रस्ता कागदावर आहे का. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीवर विकले जातात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचे, नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून त्या गावाची आजची स्थिती तलाठी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय अशा व्यवहारात पडू नका. नवीन असताना जमीन न करणंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. पायी फिरून कळणाऱ्या गोष्टी

ही पायरी कुठल्याच संकेतस्थळावर नाही, आणि मला स्वतःला ती सगळ्यात आवडते.

एकाच रस्त्यावरून वेगवेगळ्या वेळी चाला. सकाळी साडेआठला शाळेच्या बस कुठे अडकतात, संध्याकाळी रस्त्याचे दिवे किती लागतात, जोराच्या पावसानंतर पाणी कुठे साचतं, रविवारी पार्किंग कुठे भरतं. बसथांबा किती मिनिटांवर आहे ते घड्याळ लावून मोजा. "स्टेशन पाच मिनिटांवर" असं लिहिणाऱ्यांनी ते गाडीने मोजलं आहे की पायी, हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी कळतं.

पाण्याबद्दल वॉचमनला विचारा आणि मग सेक्रेटरींकडे जा. "सर, पाण्याचा त्रास आहे का?" असं विचारलं तर "तसा काही नाही" असंच उत्तर येणार. "काका, मे महिन्यात टँकरला साधारण किती खर्च येतो?" असं विचारा. आकडा येतो. काही जण देखभाल खर्चाचा हिशोबच काढून दाखवतात, त्यात टँकर, जनरेटरचं डिझेल, लिफ्टचं कंत्राट वेगवेगळं लिहिलेलं असतं. सांडपाणी प्रकल्प चालू आहे का, तेही तिथेच कळतं. सेक्रेटरींचा वेळ घेतलात तर त्यांच्या उपयोगाचं काहीतरी द्या. त्यांच्या सोसायटीच्या नोंदवलेल्या दरांची रेंज लिहून दिली तरी ते खूश होतात.

ग्राहक "इथे लोक कसे आहेत?" असं विचारेल. जात, धर्म, खाणंपिणं यांवर उत्तर देऊ नका आणि तुमच्या वहीत तसा रकानाही नको. सहकारी संस्था कायद्यातलं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे, म्हणजे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सोसायटीचं सभासदत्व नाकारता येत नाही. शाळा, दवाखाना, मैदान, वाचनालय, ज्येष्ठांचा कट्टा, मुलं खाली खेळतात का, हे सांगा. त्या माणसाला राहायला लागणार ते हेच.

८. जमवलेलं लोकांपर्यंत पोचवताना

एरियाचं एक दोन पानी माहितीपत्र तयार करा. पहिल्या पानावर परिसर: पाणी, वाहतूक, शाळा, दवाखाने, डीपीतले रस्ते आणि त्यांची खरी स्थिती. दुसऱ्यावर सोसायटीनिहाय कार्पेट दराची रेंज, किती दस्तांवरून काढली आणि कोणत्या महिन्यापर्यंतची. वाईट बाजूही लिहा. "मार्च ते जून टँकर" अशी ओळ वाचली की ग्राहकाचा बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

भविष्य वर्तवू नका. "दोन वर्षांत दुप्पट", "मेट्रो आली की भाव गगनाला" असली वाक्यं तुमच्या नावावर नकोत. मेट्रोबद्दल लिहायचं तर काम कुठवर आलं तेवढंच, तारखेसह.

आणि ज्या क्षणी तुम्ही एखाद्या प्रकल्पाचं नाव घेऊन त्यातलं घर विकण्यासाठी काही छापता किंवा पाठवता, त्या क्षणी ती जाहिरात होते. तिच्यावर महारेराचा प्रकल्प क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बिल्डरने पाठवलेलं चित्र तुमच्या स्टेटसला लावण्याआधीही हे बघा.

९. किमतीवरचा खर्च आधीच मांडून द्या

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के. पुणे, ठाणे, नागपुरात ७ टक्के. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला आणि रिसेलला जीएसटी नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला ग्राहकाने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, आणि हे त्याला बहुधा कोणीच सांगितलेलं नसतं. तुमची दलालीही त्याच कागदावर, आकड्यात, पहिल्या भेटीला.

भाड्याचं काम असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज अजून फिरतो आहे. तो मालकांना पहिल्यांदाच दूर करून द्या.

१०. वही ताजी ठेवण्याचं वेळापत्रक

दर महिन्याला ई-सर्चवर आपल्या सर्व्हे नंबरांचे नवे दस्त. दर तिमाहीला महारेराची प्रकल्पपानं. एप्रिलमध्ये नवा रेडी रेकनर, आणि मुद्रांक शुल्काच्या दरात काही बदल झाला का तेही त्याच आठवड्यात. मे महिन्यात सेक्रेटरींकडे टँकरचा आकडा, जुलैत पाणी साचण्याच्या जागा. माहितीपत्रावरची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की ते वाटणं थांबवा आणि दराचं पान नव्याने काढा. जुनी पानं फेकू नका, तारीखवार फाइलला लावत जा. दोन वर्षांनी एखादा मालक "मागच्या वेळी तुम्ही काय सांगितलं होतं?" असं विचारत येतो, तेव्हा तेच पान त्याच्यासमोर ठेवता येतं.